घाम वाळत नाही तिथली गाय

मे महिना, दुपारचे तीन. गुहागरकडच्या आमच्या वाडीत दाजींच्या मांगरात दोन गुरं बांधलेली. एक जर्सी संकरित गाय, दिवसाला दहा-बारा लिटर देणारी. दुसरी गावठी, तांबूस, चण लहान, दूध दोन लिटर म्हणजे खूप झालं. गावठी डोळे मिटून रवंथ करत होती. जर्सीची मान पुढे ताणलेली, तोंड अर्धं उघडं, खालच्या ओठावरून लाळेची तार लोंबतेय आणि कूस भात्यासारखी हलतेय.

“नागपुरात काल बेचाळीस होतं म्हणे,” दाजी म्हणाले. “आपल्याकडे तेहतीस. मग ही अशी का धापते रे?”

प्रश्न साधा वाटतो. पण या एका प्रश्नावर पशुशरीरक्रियाशास्त्र नावाच्या शाखेत कित्येकांनी हयात घालवली आहे. त्याच सुमारास मी एका वेगळ्या कामासाठी या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांच्या याद्या चाळत होतो. बाहेरच्या माणसाला अशी यादी म्हणजे भंगारवाल्याची पोतडी वाटते. एकाच माणसाच्या नावावर गाईच्या श्वासांची मोजणी, रक्तातलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक, म्हशीच्या कातडीतल्या घामग्रंथी, वळूचं वीर्य, पेशींतली कुठलीशी प्रथिनं आणि मध्येच गोठ्याच्या छपराची उंची. हा माणूस नेमकं करतो काय? दाजींचा प्रश्न हातात धरून ती यादी पुन्हा वाचली, तेव्हा सगळ्यातून एकच धागा निघाला: जनावराच्या अंगात तयार होणारी उष्णता जाते कुठे?

तयार किती होते ते आधी बघू. गाय म्हणजे चालतीफिरती चूल आहे. तिच्या पहिल्या पोटात, रूमेनमध्ये, मोठ्या गाईच्या बाबतीत शंभर लिटरच्या वर माल मावतो आणि तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव वैरण आंबवत बसलेले असतात. शेणखताच्या ढिगात हात घातलाय कधी? आतून ऊब लागते. तसाच प्रकार, पण जिवंत जनावराच्या पोटात आणि चोवीस तास. त्यात दूध तयार करण्याचं काम वेगळं. कासेत एक लिटर दूध उतरायला शेकडो लिटर रक्त तिथून फिरावं लागतं. जितकं दूध जास्त, तितका खुराक जास्त आणि तितकी धग जास्त. आणि एवढी धग असूनही अंगाचं तापमान साधारण ३८.५ अंशांच्या आसपासच राहिलं पाहिजे. दीड-दोन अंश वर गेलं की गाय आजारीच म्हणायची.

उष्णता बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. गार जमिनीला अंग टेकवून, वाऱ्याला देऊन, आसपासच्या गार भिंतींकडे फेकून. आणि घाम व श्वासातून पाणी वाळवून. पहिल्या तिन्हींना एकच अट, बाहेरचं अंगापेक्षा गार हवं. कातडीचं तापमान ३५-३६ असताना हवा ३३ असेल तर या वाटांनी जेमतेम थोडंफार जातं. उरतं ते पाणी वाळवणं. ही वाट जबरदस्त आहे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नळाचं सात-आठ लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते.

पण वाक्यातला ‘वाळताना’ हा शब्द नीट पाहा. घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. नुसता गळून पडलेला घाम गाईला काही देत नाही, उलट तिचं पाणी आणि क्षार घेऊन जातो. कोकणातल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागू नये. नागपुरात मे महिन्यात दोरीवरची लुंगी अर्ध्या तासात कडक होते. आपल्याकडे पडवीत रात्रभर टांगलेलं पंचं सकाळी दमटच असतं आणि वर वास मारतं. गाईची कातडी म्हणजे ते पंचं.

तापमान आणि दमटपणा मिळून किती जाच होतो हे एका आकड्यात सांगायची युक्ती अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या ई. सी. थॉम यांनी १९५९ साली मांडली. ती माणसांसाठी होती. कचेरीत बसणाऱ्याला किती उकडेल, एवढाच तिचा हेतू. गुरांवर काम करणाऱ्यांनी ती पुढच्या काही वर्षांत उचलली, आणि आज कुठल्याही निबंधात ‘तापमान-आर्द्रता निर्देशांक’ म्हणून जो आकडा दिसतो तो तिचाच वंशज. दुधाळ गाईसाठी ७२ हा उंबरठा धरायची पद्धत पडली. जास्त दूध देणाऱ्या गाईंना ६८ पासूनच त्रास सुरू होतो, असं अलीकडचं काम सांगतं. २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे जवळजवळ ७२.

मी दाजींच्या ओटीवर बसून मोबाइलवर ते गणित केलं. विदर्भातली कोरडी दुपार: ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. उत्तर आलं ८६. आमची दुपार: ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के. उत्तर आलं ८७.

दाजींना दोन्ही आकडे दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती नाटक करत नव्हती.”

मग मी रात्रीचंही करून पाहिलं, आणि मला विचाराल तर खरी गोम तिथेच आहे. मे महिन्यातली किनाऱ्यावरची रात्र २७ अंश, ८५ टक्के धरा. निर्देशांक ७९ च्या आसपास. घाटावर एखाद्या गावी रात्री २४ अंश आणि ४५ टक्के असेल, तर तो ७० वर उतरतो. गाय दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकते. दिवसाची उसनवारी रात्री फेडते म्हणा ना. घाटावरच्या गाईला ती फेडायला पाच-सहा तास मिळतात. किनाऱ्यावरच्या गाईचा हिशोब रात्रीही उंबरठ्याच्या वरच, आणि सकाळी नवा बोजा चढतो. पावसाळ्यात तरी सुटका? जुलैचा २८ अंश आणि ९० टक्के टाकून पाहिलं तर ८१. आपल्याला गारवा वाटतो, ढगांमुळे उन्हाचा मारा थांबलेला असतो हेही खरं, पण कातडी काही वाळत नाही. या आकड्यात ऊन आणि वारा धरलेलाच नाही, हा त्याचा मोठा दोष. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी असलेला गोठा आणि चिऱ्याच्या चार भिंतींत कोंडलेला मांगर यांना तो एकच गुण देतो. म्हणून शास्त्रज्ञ आकड्यावर थांबत नाहीत, जनावरालाच विचारतात.

विचारायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे कुशीकडे बघत श्वास मोजणं. आरामात असलेल्या गाईचे मिनिटाला १० ते ३०. साठाच्या वर गेले की तिला झेपत नाहीये. ऐंशी-शंभरच्या पुढे गेले, तोंड उघडलं, जीभ बाहेर आली, की प्रकरण गंभीर. घड्याळ आणि डोळे एवढंच लागतं, तरी यावर निबंधांची रास पडली आहे. कारण धापेची किंमत फार चढी आहे.

गाय भराभर श्वास सोडते तेव्हा पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो. तो रक्तातलं आम्ल सांभाळत असतो. तो गेला की रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं. मग मूत्रपिंडं तोल सावरायला रक्तातला बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्यातला मुख्य घटक, लघवीवाटे टाकून देतात. हाच सोडा एरवी लाळेतून रूमेनमध्ये उतरतो आणि तिथलं आंबवण फार आंबट होऊ देत नाही. आता लाळेत तो कमी, त्यातली बरीच लाळ तोंडातून जमिनीवर गळतेय, रवंथही मंदावलाय. आणि मालक काय करतो? गाय वैरण खात नाही म्हणून पेंडीचं घमेलं पुढे सरकवतो. पोट आणखी आंबट. त्या आंबटपणाचा मार खुरांवर बसतो. दोन-तीन महिन्यांनी ती लंगडायला लागते, तेव्हा उन्हाळ्याची आठवणही कुणाला नसते. आपण खुराला मलम लावत बसतो. धाप, रक्त, मूत्रपिंड, लाळ, पोट, खूर: यादीतले सहा वेगवेगळे वाटणारे निबंध हे असे एकाच दावणीला बांधलेले असतात.

दुधाचीही अशीच एक गंमत. गाय उन्हाळ्यात कमी खाते म्हणून कमी देते, असं सगळे धरून चालले होते. मग काही जणांनी एक चलाख प्रयोग केला. उकाड्यातल्या गाईने जेवढं खाल्लं, बरोबर तेवढंच गारव्यातल्या गाईला द्यायचं. गारव्यातलीचंही दूध घटलं, पण उकाड्यातलीच्या मानाने फार कमी. म्हणजे भूक हे कारणाचं अर्धंच, किंवा त्याहूनही कमी. उरलेल्या घटीला शरीरातले बदल जबाबदार; उकाड्यातली गाय दुधासाठी लागणारी साखर दुसरीकडेच खर्च करू लागते. “खाऊ घातलं की दूध येईल” हा उपाय मे महिन्यात का फसतो, ते यातून कळतं.

असे प्रयोग करायला हवामान हवं तसं फिरवता येणाऱ्या खोल्या लागतात. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात सॅम्युएल ब्रॉडी यांनी १९४० च्या दशकाअखेरीस तशा खोल्या उभारल्या, आणि तिथे जर्सी, होल्स्टीनच्या शेजारी ब्राह्मण गाई उभ्या केल्या. ही अमेरिकी ‘ब्राह्मण’ जात म्हणजे आपल्याच गीर, ओंगोल, कांकरेज वगैरेंची नात. खोली तापवत नेली तेव्हा विलायती गाई आधी ढेपाळल्या, ब्राह्मण बराच काळ शांत राहिल्या. आपल्या गाईचा स्वभाव जगाला कळला तो असा परदेशी खोलीत. आता कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था, बंगळुरूची पशुपोषण व शरीरक्रिया संस्था इथे हे काम चालतं; २०११ पासून हवामानबदलाच्या राष्ट्रीय शेतीप्रकल्पातही गुरांचा वाटा आहे.

अशा निबंधांत गाई किती असतात ते बघून पुष्कळ लोक हसतात. सहा. आठ. कधी बारा. पण एकच गाय आधी गारव्यात आणि मग उकाड्यात ठेवली, तर तिची तुलना तिच्याशीच होते आणि थोड्या गाईंतही खरं काय ते दिसू शकतं. मात्र सहा गाईंवरून अख्ख्या जातीबद्दल बोलायला लागलेला निबंध मी जरा हात राखूनच वाचतो. कुणाच्या नावावर दोनशे निबंध आहेत या आकड्यानेही मी हल्ली दिपत नाही. त्यातले किती एकमेकांना पुढे नेतात, ते बघावं.

आता यादीतला सगळ्यात अवघड वाटणारा भाग: एचएसपी-७०. हीट शॉक प्रोटीन, म्हणजे तापाच्या झटक्याला धावून येणारी प्रथिनं. यांचा शोध गुरांत लागला नाही, फळमाशीत लागला. इटलीतले फेरुच्चो रितोसा माश्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथी बघत होते. कुणीतरी त्यांच्या पेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. पाहतात तर गुणसूत्रांवर नव्याच ठिकाणी फुगवटे आलेले. म्हणजे उष्णतेने काही जनुकं जागी झाली होती. हा निबंध १९६२ साली छापून आला.

ही प्रथिनं करतात काय? नारळाच्या दुधाची आमटी ठेवलीय आणि आच मोठी झाली, तर ती फुटते, हे घरात कुणालाही विचारा. म्हणून आई डाव फिरवत राहते. पेशीतली प्रथिनंही विशिष्ट घड्या घालून बसलेली असतात. उष्णतेने घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. एचएसपी-७० त्या उलगडलेल्या प्रथिनाला धरून ठेवतं, चिकटू देत नाही, पुन्हा घडी घालायला मदत करतं. डाव फिरवणारा हात म्हणा. (डावाने फुटलेली आमटी पुन्हा जुळत नाही, इथे जुळू शकते, एवढा फरक.) शास्त्रज्ञ गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन हा हात किती लवकर हलतो ते पाहतात. त्यात एक खाच आहे. एचएसपी जास्त सापडलं म्हणजे गाय काटक की गाय जास्त त्रासात? दोन्ही असू शकतं. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर ‘सहनशील जात’ असा शिक्का मारलेला मला पटत नाही. सोबत श्वास, अंगाचं तापमान आणि दूधही दाखवा म्हणावं.

माजाचा विषय निघाला की दाजींचा पारा चढतो. दोन वर्षं उन्हाळ्यात गाय गाभण न राहता उलटली. दोष त्यांनी डॉक्टरला दिला, मग वीर्यकांडीला, मग नशिबाला. उन्हाळ्यात माज थोडा वेळ टिकतो आणि बाहेरून नीट दिसतही नाही, त्याला मुका माज म्हणतात, वेळ चुकते. वेळ साधली तरी गर्भ पहिल्या काही दिवसांत उष्णतेला फार नाजूक असतो. वळूकडे तर काळाचा खेळ आहे. त्याची वृषणं अंगापेक्षा काही अंश गार राहावीत म्हणून बाहेर लोंबतात, आणि शुक्रपेशी तयार व्हायला साधारण दोन महिने घेते. मे महिन्यात गावचा वळू तापला, तर त्याचं बिल जुलैत येतं, बाहेर पाऊस पडत असताना. गाभण गाईचं बिल त्याहून लांबचं. फ्लोरिडा, म्हणजे आपल्यासारखाच दमट किनारा, तिथल्या कामातून दिसलं की शेवटच्या दोन महिन्यांत उकाड्यात राहिलेल्या गाईची वासरं वजनाने हलकी निघतात, आणि त्या वासरी पुढे गाई झाल्या की दूधही कमी देतात. आटलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलायची आपली रीत आहे. तो कोपरा तिच्या पोटातल्या कालवडीला महागात पडतो.

म्हशीचं शरीर तर या हवेत उघडंच पडायला हवं. कातडी काळी, केस विरळ, घामग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. पण ती डुंबते. आणि डुंबण्याची खुबी अशी की तिथे घाम वाळण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी अंगातली उष्णता थेट ओढून घेतं, हवा किती दमट आहे याचा त्याला पत्ता नसतो. कोकणात घामावर अवलंबून राहण्यापेक्षा पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, बसणं जास्त शहाणपणाचं, हे म्हशीला निबंध न वाचता कळलं. अडचण एवढीच की उन्हाळ्यात पऱ्हे आटतात, आणि म्हैस पत्र्याखाली बांधलेली असते. तिथे ती गाईपेक्षाही वाईट अवस्थेत जाते.

राहिली ती कोपऱ्यात रवंथ करणारी गावठी. अशा गुरांची ‘कोकण कपिला’ म्हणून जात ठरली आणि कर्नालच्या पशू आनुवंशिक संसाधन संस्थेच्या यादीत नोंद झाली, ती या शतकात, अगदी अलीकडे. ‘कोकण कन्याळ’ शेळीचीही तशीच स्वतंत्र नोंद आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उशाला आहे, पण गावात तिला अजून ‘गावठी’च म्हणतात. तिचं गुपित काय? देशी गुरांत घामग्रंथी मोठ्या आणि कातडीच्या वरच्या थराजवळ, केस आखूड, गळ्याची पोळी सैल; शिवाय अंग लहान, म्हणजे वजनाच्या मानाने कातडी जास्त. पण घामाचं सगळं कौतुक कोरड्या हवेतलं. माझ्या मते किनाऱ्यावर तिला जास्त तारतं ते वेगळंच: ती मुळात कमी तापते. थोडं खाते, थोडं देते. देशी गाईचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण दोन लिटरवाली आणि बारा लिटरवाली यांची धाप शेजारी ठेवून ‘देशी ती देशी’ म्हणणं हा न्याय नव्हे. बारा लिटर देऊनही शांत राहणारी गाय हवी असेल तर शोध वेगळा. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गुरांत गुळगुळीत आखूड केसांचं एक जनुक आहे. २०१४ मध्ये कळलं की हा बदल प्रोलॅक्टिन या दुधाच्या संप्रेरकाच्या ग्राहकात, म्हणजे ते संप्रेरक पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनात, आहे. तेच जनुक होल्स्टीनमध्ये आणून फ्लोरिडात पाहिलं, तर त्या गाईंचं अंग उकाड्यात कमी तापतं. बेटावरचं जनुक किनाऱ्यावर कामी येतंय, हे मला फार आवडलं.

दाजींना यातलं निम्मं सांगितलं. जनुकं वगैरे त्यांनी सोडून दिली. एक गोष्ट मात्र लगेच धरली. ते दुपारी गाईवर बादलीभर पाणी ओतायचे आणि दार लावून घ्यायचे, ऊन लागू नये म्हणून. कोंदट मांगरात ते पाणी वाळणार कुठे? आर्द्रता तेवढी वाढायची. पाणी ओतायचं तर वारा पाहिजे, नाहीतर ओतूच नये. त्यांनी पश्चिमेकडच्या भिंतीतले चिऱ्यांचे वरचे दोन थर काढले, पुतण्याचा जुना टेबलफॅन फळीवर बांधला, पत्र्यावर झावळ्या टाकल्या. पेंड संध्याकाळी ऊन उतरल्यावर आणि पहाटे, अशी विभागली. पाण्याचं पिंप उन्हातून उचलून फणसाखाली आणलं. गाय आता दुपारीच ते अर्धं करते.

परवा रात्री दहाला त्यांचा फोन. टॉर्च धरून उभे होते म्हणे. “बासष्ट. दुपारी चौऱ्याण्णव होते.” मागे पंख्याची खडखड ऐकू येत होती.

“आणि गावठी?”

“ती बसलीय. अंधारात कूस हललेलीच दिसत नाही मेली. थांब, पुन्हा मोजतो.”